जे नाही त्याचीही सूची

पुस्तक शेवटच्या पानापासून उघडणारा माणूस भंडारा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या वाट्याला साडभाऊ म्हणून आला आहे. साडभाऊ म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. पश्चिमेकडे त्याला साडू म्हणतात आणि शक्यतो टाळतात. आमच्याकडे टाळायची सोय नाही, कारण दोघांच्या घरांमध्ये एक पानठेला आणि एक बोडी एवढंच अंतर आहे, आणि बोडी उन्हाळ्यात आटते. माझ्या घरी नवीन पुस्तक आलं की त्याचा वास साडभाऊंना कसा लागतो कोण जाणे. चपला काढायच्या आत ते पुस्तक उचलतात, उलटं करतात, शेवटची दोन-चार पानं चाळतात आणि नाडी न लागलेल्या वैद्यासारखा चेहरा करून ते टेबलावर ठेवतात. "सूची नाही," म्हणतात. मग चहा घेतात. चहा मात्र ते सूचीशिवायही घेतात.

त्यांच्या मते जगात पुस्तकं थोडी आहेत, बाकी सगळे गठ्ठे आहेत. ज्याच्या पाठीमागे सूची आहे ते पुस्तक. ज्याच्या नाही तो कागदाचा गठ्ठा, मग त्याला कोणता का पुरस्कार मिळालेला असेना. पुढे असते तिला सूची म्हणण्याची चूक मी एकदाच केली. "ते अनुक्रमणिका होय, साडभाऊ," ते म्हणाले. तेही मला साडभाऊच म्हणतात, कारण हे नातं दोन्हीकडून सारखंच फुटकं असतं. "अनुक्रमणिका लेखकाची इच्छा सांगते. सूची पुस्तकाची हालत सांगते. पुढून माणूस नटूनथटून दिसते. मागून पाहा, मंग समजते सदरा कुठी फाटला आहे ते." त्यांची दुसरी आवडती उपमा शेतातली आहे. रोवणीनंतर धानाच्या बांधीत पाणी भरलेलं असतं आणि पलीकडे जायचं असेल तर चिखल तुडवत जावं लागतं; शहाणा माणूस धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जातो. "पुस्तक म्हणजे बांधी होय, अन् सूची म्हणजे धुरा. ज्याले धुराच नाही त्या बांधीत मी कायले पाय घालू?" उपमा चांगली आहे. फक्त ती ते ज्यांनी आयुष्यभर बांध्या कसल्या त्या माझ्या सासऱ्यांनाही ऐकवत, आणि सासरे म्हणत, "जवाईबापू, धुऱ्यावर धान होत नाही जी."

या विषयाचा त्यांचा अभ्यास मात्र दांडगा आहे, आणि तो ते लग्नाच्या पंगतीत सांगतात, कारण तिथे ताटावरून उठता येत नाही. भात वाढला की ते पोथ्यांपासून सुरुवात करतात. हाताने लिहिलेल्या दोन पोथ्यांची पानं कधीच जुळत नसत; एकाचं अक्षर बारीक, दुसऱ्याचं जाडं. म्हणून जुन्या लोकांनी पानाला नाही, ओवीला आकडा दिला. पानाचा आकडा सांगण्यात काही अर्थ उरला तो छापखाना आल्यावर, जेव्हा या गावच्या आणि त्या गावच्या माणसाच्या हातातलं पान एकच झालं. इथवर वरण संपतं. मग 'क्ष' हा 'क'मध्ये घ्यावा की शेवटी, यावरून विद्वानांत जे तट पडले त्यांची हकिगत. ती बुंदीपर्यंत पुरते. माझ्या शेजारी बसलेल्या एका वरपित्याने एकदा कळवळून विचारलं होतं, "पण भाऊ, यानं फायदा कोनाले?" साडभाऊ म्हणाले, "शोधणाऱ्याले." वरपिता म्हणाला, "मी तं मीठ शोधून राहिलो."

लग्नांना ते नियमाने जातात, पण वधूवरांसाठी नाही. सूची करायची तर प्रत्येक शब्दाला एक कार्ड लागतं, आणि कार्डांसाठी त्यांना लग्नपत्रिकेइतका उत्तम कागद दुसरा सापडलेला नाही. एका बाजूला गणपती किंवा बुद्ध, 'आमच्या येथे' वगैरे. मागची बाजू कोरी, गुळगुळीत आणि टिकाऊ. पत्रिका आली की ते अंगठ्याने जाडी बघतात आणि त्यावरून घराण्याविषयी मत बनवतात. पातळ पत्रिका पाठवणारा माणूस कितीही सज्जन असो, त्यांच्या नजरेतून उतरतो. हल्ली लोक मोबाईलवर पत्रिका पाठवतात, याला ते संस्कृतीचा ऱ्हास म्हणतात, आणि त्या एकाच मुद्द्यावर आमच्या गावातल्या सगळ्या संस्कृतिरक्षकांशी त्यांचं एकमत आहे. कार्डं मिठाईच्या डब्यांत अकारविल्हे उभी असतात. सणासुदीला ताई, म्हणजे माझी मेव्हणी, चुकीचा डबा पाहुण्यांसमोर उघडतात आणि त्यात बर्फीच्या जागी 'ब' निघतो.

ताईंची बाजू ऐकण्यासारखी आहे. "ह्यांले विचारलं, मीठ कुठी ठेवलं? तं म्हणते, 'पाहा : लोणचं.' लोणच्यापाशी गेली तं तिथं चिठ्ठी, 'पाहा : वरची फळी.' अन् वरच्या फळीवर माह्या सासूचा फोटो! मंग मीठ बाजूच्या घरून आणलं, भाजी जळली तं जळली." साडभाऊंचं यावर म्हणणं असं की फोटोच्या मागे मीठ होतं, शोधणाऱ्याने चिकाटी ठेवायला हवी.

सूचीचं वेड बरेच लोक सहन करतील. पण साडभाऊंच्या सूचीत एक गोष्ट असते जी दुसऱ्या कोणाच्या सूचीत मी पाहिलेली नाही. पुस्तकात जे आहे ते तर ते नोंदवतातच. जे नाही तेही नोंदवतात. सगळं नाही, नाहीतर जगातलं सगळं लिहावं लागेल. पण एखादी गोष्ट त्या पुस्तकात असेलच अशा भरवशाने वाचक सूचीकडे येईल आणि ती तिथे नसेल, तर साडभाऊ तिचं नाव लिहून पुढे लिहितात : या पुस्तकात नाही. याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. त्यांची उमेदीची सगळी वर्षं वरठीला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली. नट, बोल्ट, बेअरिंग, पट्टे, छतापर्यंत रॅक. नवीन होते तेव्हा संपलेल्या मालाची पाटी लावायची त्यांच्याकडून राहून गेली, आणि एक फिटर जे बेअरिंग नव्हतंच ते शोधायला रॅकवर चढला आणि खाली आला तो पाय मोडूनच. कोणी साडभाऊंना बोललं नाही. फिटरसुद्धा नाही. पण तेव्हापासून 'काय आहे' हे सांगण्याआधी 'काय नाही' हे सांगायचं, असा त्यांचा धर्म ठरला. "आहे ते माणसाले कधी ना कधी सापडते, साडभाऊ. नाही ते तो मरेस्तोवर शोधत राहते."

धर्म थोर आहे. तो कवितासंग्रहाला लावला की काय होतं ते आम्ही पाहिलं. तुमसरच्या एका कवीच्या प्रकाशन समारंभात साडभाऊंनी उभं राहून विचारलं, "सूची कुठी आहे?" कवी नम्रपणे म्हणाले की कवितेला सूची नसते, कविता ही अनुभूती असते. साडभाऊ घरी आले, आठवडाभर खपले आणि सूची करून कवींना स्वहस्ते देऊन आले. 'चंद्र, पाहा : जवळपास सर्व पाने.' 'तू : कोण ते स्पष्ट होत नाही.' 'मौन, दीर्घ वर्णने.' आणि खाली, त्यांच्या धर्माप्रमाणे, 'तुमसर : या पुस्तकात नाही.' कवी तेव्हापासून रस्ता बदलतात. साडभाऊंना मात्र वाटतं की ते दुसऱ्या आवृत्तीच्या कामात असावेत.

ते कधी चुकत नाहीत असं समजू नका. सानगडीच्या एका वाचनालयाच्या स्मरणिकेत एकाच नावाचे दोन गृहस्थ होते. एक जुने, वाचनालय काढणारे आणि कधीच वारलेले. दुसरे धान-तांदळाचे व्यापारी, हयात. साडभाऊंनी दोघांना एका नोंदीत कोंबलं. त्यामुळे सूचीत एका माणसाने वाचनालय काढलं, त्याचा मृत्यू झाला, अंत्ययात्रेला सगळं गाव लोटलं, आणि पुढच्याच पानावर त्याने पंखा भेट दिला. चूक कळली तेव्हा साडभाऊ दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी एसटीने सानगडीला माफी मागायला गेले. व्यापारी गृहस्थांनी त्यांना बसवून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, "राहू द्या जी. अंत्ययात्रा मोठी झाली, वाचून बरं वाटलं."

असा हा माणूस, निवृत्तीनंतर ज्याच्या त्याच्या पुस्तकाला फुकट सूची करून देत आणि मित्र गमावत सुखाने जगत होता. त्यात गौरवग्रंथ आला.

आमच्या भागात एक शिक्षणसंस्था आहे. तिच्या शाळा पार जंगलपट्टीपर्यंत पसरल्या आहेत. तिचे अध्यक्ष पंचाहत्तर वर्षांचे झाले, हे त्यांनी स्वतःच जाहीर केलं आणि सत्कार समितीने ते एकमताने मान्य केलं. सत्कार म्हटला की गौरवग्रंथ आला. गौरवग्रंथ म्हटला की संपादक. संपादक होते संस्थेच्याच महाविद्यालयातले एक प्राध्यापक, जे 'मला वाटतं' म्हणायचं असेल तर 'माझ्या अल्पमतीस असे प्रतीत होते' म्हणतात आणि मग अल्पमतीचा पुरावा देतात. त्यांनी नागपूरला कुठेतरी एक जाडजूड ग्रंथ पाहिला, त्याच्या मागे सूची होती, आणि आपल्याही ग्रंथाला ती असल्याशिवाय भारदस्तपणा येणार नाही असं त्यांना प्रतीत झालं. सूची करणारं कोणी आहे का, असं त्यांनी शिक्षकांच्या खोलीत विचारलं, तेव्हा एका मुलीने हात वर केला. ती साडभाऊंची एकुलती लेक, प्रज्ञा.

प्रज्ञा त्या संस्थेच्या भंडाऱ्यातल्या शाळेत विज्ञान शिकवायची. शिकवायची उत्तम, पण तात्पुरती. आज कायम होईल, उद्या होईल, असं करत कित्येक वर्षं ती तात्पुरतीच होती. तिची फाईल अध्यक्षांच्या टेबलावर होती आणि समारंभ झाला की सही होणार, असं आश्वासन होतं. बापाच्या हाताने ग्रंथाला शोभा आली तर सहीला जरा वेग येईल, एवढाच तिचा साधा हिशेब. बापाला ती पूर्ण ओळखून होती. म्हणून पानांचा गठ्ठा घरी आणला तेव्हा, मी तिथेच बसलो होतो, ती त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"बाबा, एक सांगू? ऐकसाल?"

"बोल ना."

"ह्या डाव जे आहे तेवढंच लिहा. नाही ते नका लिहू."

"बरं."

"बरं नाही. हो म्हणा. मावसाजी आहेत ऐकायले."

साडभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, पानांकडे पाहिलं. "हो," म्हणाले.

ग्रंथ मीही वाचला, म्हणजे ताईंकडे भाजी निवडता निवडता साडभाऊ जी पानं मोठ्याने वाचत ती ऐकली. असा ग्रंथ लिहायला प्रतिभा लागते. इतक्या लोकांनी लिहूनही कोणाचा कोणाशी मतभेद नव्हता. साडभाऊ इमानाने कार्डं करत गेले आणि कार्डांनी त्यांचं काम केलं. 'अध्यक्ष महोदय, —चा साधेपणा' या नोंदीपुढे पानांचे आकडे लिहिता लिहिता एका पत्रिकेची मागची बाजू संपली आणि ते दुसरीवर गेले. 'निगर्वी वृत्ती, पाहा : पुतळा, अर्धाकृती.' 'परदेश दौरे, अभ्यासासाठी.' 'परदेश दौरे, सपत्नीक, पाहा : अभ्यासासाठी.' यात एक शब्द त्यांच्या पदरचा नव्हता. थट्टा करायला लागणारी बुद्धी साडभाऊंकडे नाही. ती असती तर ते कधीच लोकप्रिय झाले असते.

एका सकाळी ते माझ्याकडे आले. पुस्तकं न चाळता बसले. मी चहा मागवला.

"साडभाऊ, एका शिक्षणसंस्थेचा ग्रंथ तुमच्या हाती आला. सूचीत काय शोधसाल?"

"माझं नाव."

"ते सारेच शोधते. दुसरं?"

"बायकोचं नाव. नसलं तर घरी न्यायला नको."

"तुम्ही माणूस आहा का जी?" ते वैतागले. "पोट्टे शोधसाल का नाही? विद्यार्थी? 'व' ले पोहोचलो, 'विदेश, पाहा : परदेश' आलं, 'विद्यापीठ' आलं. विद्यार्थी नाही. मी पहिल्या पानापासून पुन्हा पाह्यलं. इमारती आहे, बाकं आहे, घंटा आहे, घंटा देणाऱ्याचा फोटो आहे. पोट्टं एकही नाही. एका फोटोत होते काही, तं ते अध्यक्षांच्या हारानं झाकून गेले."

"अहो, गौरवग्रंथ आहे तो. त्यात मुलं कशाला येतील?"

"वाचक शोधन ना!"

"कोणी शोधणार नाही. आणि तुम्ही प्रज्ञाला हो म्हणालात. मी साक्षीदार आहे."

चहा आला तो तसाच राहिला, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. "तिचं काम झालं पायजे," ते हळूच म्हणाले. "मले का समजत नाही? पोरगी किती वर्षांची लटकून राहिली. हात वगळते हो साडभाऊ. वगळलंही दोनदा. पण डोळा तिथंच जाते. रॅकवर कोणी चढून राहिलं असं वाटते."

मी त्यांना व्यवहार सांगितला. मी व्यवहार फार चांगला सांगतो. त्यांनी मान हलवली आणि गेले. मला वाटलं, पटलं.

सूची संपादकांकडे गेली. त्यांनी ती तपासली, म्हणजे स्वतःचं नाव शोधून काढलं, त्यापुढे पुरेसे आकडे आहेत याची खात्री केली आणि 'अत्युत्कृष्ट' असा शेरा मारून छापायला पाठवली. एवढ्या उंचीवरून खालच्या ओळी दिसत नाहीत.

समारंभाला सभागृह भरलं होतं, कारण त्या दिवशी संस्थेच्या शाळांना सुट्टी नव्हती पण शिक्षकांना इथे हजेरी सक्तीची होती. सूत्रसंचालनाला प्रज्ञा होती. निळी साडी, हातात माईक. ताई पदराने डोळे टिपत होत्या आणि साडभाऊ ताठ बसले होते. प्रकाशन झालं, रांगारांगांतून प्रती वाटल्या गेल्या. आणि मग तेच झालं जे आमच्याकडे सूची असलेल्या प्रत्येक पुस्तकाचं होतं. भाषण चालू असताना सगळ्या सभेने ग्रंथ उलटा केला आणि जो तो आपलं नाव शोधू लागला. सभागृहात नुसती पानांची सळसळ. आता आमच्या भागात विजयराव, विठ्ठलराव आणि विनायकराव यांची कमतरता नाही. 'वि'मध्ये एकदम बरीच मंडळी उतरली. विठ्ठलरावांनी नाव शोधलं, बोट खाली सरकलं, थांबलं. त्यांनी शेजारच्या विनायकरावांना कोपर मारलं. तिथे छापलं होतं :

'विद्यार्थी : या ग्रंथात नाहीत.'

हसू मागच्या रांगेतून निघालं आणि दाबत दाबत पुढे येऊ लागलं. शिक्षक लोक हसू दाबण्यात तरबेज असतात, पण एकाच वेळी इतक्यांनी दाबलं की त्याचाही आवाज होतो. प्रज्ञाने समोरची प्रत उघडली. कोणतं अक्षर काढायचं हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. तिने वाचलं, मान वर करून गर्दीत बापाला शोधलं, आणि बाप सापडल्यावर नजर काढून घेतली. मग अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, "यानंतर सत्कारमूर्ती मनोगत व्यक्त करतील."

अध्यक्षांच्या कानाशी संपादक काहीतरी सांगत होते. त्यांचा रंग गेला होता. अध्यक्षांनी चष्मा लावला, ओळ वाचली, चष्मा काढला. पन्नास वर्षं लोकांत वावरलेला माणूस तो. उठले, माईक घेतला आणि सभेकडे बघून प्रसन्न हसले.

"मित्रहो, तुम्ही हसून राहिले. हसा. ही ओळ मीच टाकाले लावली! संपादक नाही म्हणत होते, मी म्हटलं, टाका. कारण माझे विद्यार्थी ग्रंथात मावत नाही." इथे त्यांनी छातीवर हात ठेवला. "ते इथं असतात. या काळजात!"

टाळ्यांचा जो कडकडाट झाला त्यात पहिली टाळी संपादकांची होती. विठ्ठलराव उभं राहून वाजवत होते. साडभाऊ अर्धवट उठले. त्यांना फक्त दुरुस्ती करायची होती, की अध्यक्षांनी असं काही सांगितलेलं नाही, नोंद माझी आहे. ताईंनी शर्टाचा शेव धरून त्यांना खाली ओढलं. "बसा. आज एक शब्द बोलले तं मी माहेरी जाईन," त्या दातांतून म्हणाल्या. साडभाऊ बसले. थोड्या वेळाने माझ्या कानात पुटपुटले, "काळजात आहे म्हणते. मंग पान सांगा ना जी."

आता गंमत अशी झाली की ओळ आपलीच म्हटल्यावर अध्यक्षांना रागावता येईना. फाईलवर सही झाली. प्रज्ञा कायम झाली. आणि त्याच आदेशात, त्याच सहीने, तिची बदली संस्थेच्या अगदी टोकाच्या शाळेत झाली. नाकाडोंगरीच्याही पुढे, जिथे रस्त्यावर वाघाच्या गोष्टी जास्त आणि बस कमी. अध्यक्षांनी तिला बोलावून मायेने सांगितलं म्हणे, "बेटा, तुझ्या बाबांना विद्यार्थी दिसले नाही. तिकडं भरपूर आहेत. तू शिकव." अपमान इतका गोड की तिला धन्यवाद म्हणावे लागले.

घर सोडायच्या दिवशी ती माझ्या घरी आली. बापाविषयी वाईट एक शब्द बोलली नाही. एवढंच म्हणाली, "मावसाजी, मी त्यांना आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती."

तिने बापाशी बोलणं टाकलं. आईला फोन करायची. साडभाऊ शेजारच्या खोलीत उभे राहून ताईंचे हुंकार ऐकायचे आणि त्यावरून पलीकडचं वाक्य काय असेल ते ठरवायचे. दर शनिवारी, सकाळची शाळा असते म्हणून, ते पहाटेच्या एसटीने तिकडे जायला लागले. ती बाहेर येई, तांब्याभर पाणी ठेवी आणि वह्या तपासायला आत जाई. डबा चपराशाकडे ठेवून साडभाऊ परतीची बस धरत. असा पावसाळा गेला, धान कापून झालं. "कायले जाता?" म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "दिसते ना."

एका शनिवारी बस आलीच नाही आणि मी त्यांना माझ्या मोटारसायकलवर घेऊन निघालो. तुमसरला तर्रीपोह्यांच्या गाडीशी थांबलो. त्यांनी हात लावला नाही. "तिच्यासंगं खाईन. आज बोलन म्हणून वाटते," म्हणाले. हे ते दर शनिवारी कोणाला ना कोणाला म्हणत असणार. मी एकट्याने पोहे खाल्ले. पुढे जंगलातून जाताना ते मागे बसून डबा पोटाशी धरून होते आणि त्यांचं पोट वाजत होतं, तेही मला ऐकू येत होतं.

शाळा सुटली होती. आवारात पळसाखाली पार, पारावर आम्ही दोघे. प्रज्ञा बाहेर आली ती एकटी नाही, बरोबर दोन मुली होत्या. दूरच्या पाड्यावरच्या, उशिरापर्यंत थांबून काही प्रयोग करून दाखवत होत्या. हातांना शाईचे, राखेचे डाग. बाईंचे बाबा आले म्हटल्यावर त्यांनी हात मागे लपवले आणि डब्याकडे बघितलं. ताईंनी दिलेल्या तांदळाच्या भाकरी होत्या आणि लाखोळीच्या डाळीचे वडे. एका माणसाला पुरेल, फार तर दीड. प्रज्ञाने डबा घेतला, उघडला, मुलींना बसवलं. मग वर न बघता तिने विचारलं,

"बाबा, तुम्ही जेवले का?"

साडभाऊंनी डब्यात बघितलं, त्या दोघींकडे बघितलं.

"जेवलो ना! तुमसरले पोहे हाणले दबावून. पोटात जागा नाही. विचार ह्या साडभाऊले."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"दोन प्लेटा," मी म्हणालो.

ती बसली. भाकरीचे तीन भाग केले, वडे वाटले, आणि खाता खाता कुठल्याशा पोरीने चुलीची राख आणून काय सिद्ध केलं ते सांगायला लागली. आधी मला, मग हळूहळू त्यांना. साडभाऊ पाराला टेकून ऐकत राहिले, मधे मधे 'हो का,' 'असं का' म्हणत. चेहऱ्यावर खोटी नोंद केल्याची एक रेघही नव्हती.